काडी धरून झोपलेली माशी

नागपुरातल्या महाल भागात एका ऑफसेट प्रेसमध्ये मी १६ वर्षांपासून डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर मांडायचं, आणि छपाईच्या प्लेटचं काम करते. छपाई सुरू झाली की मशीनवरून पहिला कागद उचलायचा, टेबलावर पसरायचा आणि भिंग टेकवून रजिस्टर बघायचं, हे रोजचं. चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत की नाही, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्या भिंगातून कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचा गाल पाहिला तर तिथे गाल नसतोच. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके असतात. प्रत्येक रंगाची ओळ आपापल्या कोनात उभी. काळ्याची ४५ अंशांत तिरपी, पिवळ्याची सरळ. चारही ओळी जुळून आल्या की त्या ठिपक्यांची बारीक बारीक फुलं दिसतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून मला ती फुलं बघायला आवडतात, आणि ती कुणाला तरी दाखवावीत असं वाटत आलंय. मॅक्रो फोटोग्राफीकडे, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो काढण्याकडे, मी वळले ती अशी, भिंगातून.

कॅमेरा मामेभावाचा होता, निकॉनचा जुना, क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडा थोडा लहान असलेला. त्यानं नवा घेतला आणि हा मला दिला. मॅक्रो लेन्सची किंमत विचारली तेव्हा ती आपल्या आवाक्यातली नाही हे कळलं. मग कुणीतरी सुचवलं की साधी ५० एमएमची लेन्स उलटी लावून बघ. सीताबर्डीत एका दुकानात जुनी डी मालिकेतली ५० एमएम मिळाली. तिच्या अंगावर अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहान-मोठं करायची, स्वतंत्र रिंग आहे, आणि तीच खरी महत्त्वाची. लेन्स उलटी बसली की तिचा आणि कॅमेऱ्याचा संबंध तुटतो, कॅमेरा तिला काहीच सांगू शकत नाही. अॅपर्चर हातानं फिरवता आलं नाही तर सगळं अडतं. लेन्सच्या तोंडाचा आटा ५२ मिमीचा, म्हणून ५२ ची रिव्हर्स रिंग घेतली. एका बाजूनं ती लेन्सवर फिरवून बसवायची, दुसऱ्या बाजूनं कॅमेऱ्यावर.

पहिला फोटो मी स्टीलच्या पट्टीचा काढला. प्रेसच्या सवयीमुळे आधी माप घ्यावंसं वाटलं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. पट्टीवरचे बरोबर साडेतेवीस मिलिमीटर फोटोत मावले, तर वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटली असं समजायचं, यालाच एकास एक म्हणतात. माझ्या फोटोत २१ मावले, म्हणजे एकास एकच्या थोडं पुढे. पुढे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, घातली तेव्हा फक्त १३ मिलिमीटर मावायला लागले. सुपारीसुद्धा पूर्ण मावेना.

पहिले दोन महिने मी घरातलंच काढलं. मोबाइलचा पांढरा पडदा, जो जवळून लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांचा निघतो. मिठाचे दाणे, ज्यांचे कोपरे छोट्या पेट्यांसारखे काटकोनात. संत्र्याची साल उजेडासमोर धरून काढली, तर तिच्यातल्या तेलाच्या पिशव्या एकेक करून मोजता येतात, आत दिवे लावल्यासारख्या. आणि दहाची नोट. आमच्या धंद्यात नोट हा फार आदराचा विषय आहे. चॉकलेटी रंगाच्या नव्या दहाच्या नोटेवर सूक्ष्म अक्षरं आहेत हे मला ऐकून माहीत होतं. फोटोत ‘भारत’ हा शब्द वाचता आला, रेषेसारख्या दिसणाऱ्या जागेत, पुन्हा पुन्हा छापलेला. आणि गांधीजींच्या चेहऱ्यात आमच्या कॅलेंडरसारखे ठिपके नाहीत, रेषा आहेत, कुठे दाट तर कुठे विरळ. मी तो फोटो मशीनवरच्या काकांना दाखवला. त्यांनी ४० वर्षं छपाई केलीय. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे हातानं कोरणाऱ्या माणसाचं काम आहे, बाई.”

वस्तू हलत नाहीत. त्यामुळे शिकणं सोपं जातं, आणि तेवढ्यामुळेच आपल्याला येतंय असंही वाटायला लागतं.

२०२१ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन दिवसांनी मी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात गेले. ओल्या मातीवर मृगाचे किडे निघाले होते. लहानपणी आम्ही ते तळहातावर घ्यायचो, काडेपेटीत ठेवायचो. लाल मखमलीचा तुकडा चालतोय असं वाटतं. त्याला आठ पाय असतात, म्हणजे किडा म्हणतात खरं, पण नातं कोळ्याकडचं. मी जमिनीवर पालथी पडून त्याचे शंभर-सव्वाशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकही धड नव्हता. बहुतेकांत किड्याच्या मागची माती स्वच्छ आणि किडा धूसर. जे थोडे बरे होते त्यांत मखमल नव्हती, लाल रंगाचा सपाट गोळा होता. ते दुखणं मला लगेच ओळखू आलं, कारण छपाईतही हेच होतं. कॅमेऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या या तिन्ही रंगांपैकी एकट्या लालची मजल संपते, तो वरच्या टोकाला जाऊन आपटतो आणि त्यातले बारकावे पुसले जातात. सगळा फोटो नीट उजळ दिसतोय म्हणून मी फसले होते. लाल किडा मुद्दाम थोडा काळोखा काढावा लागतो. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन करून पाहिलं आणि एका फोटोत पहिल्यांदा एकेक केस वेगळा दिसला.

धूसरपणाचं प्रकरण मात्र वर्षभर पुरलं.

एवढ्या जवळून काढताना फोटोत जेवढी खोली स्पष्ट येते ती फार म्हणजे फारच कमी. माझ्या उलट्या लेन्सला ट्यूब लावून, एफ/११ वर (हा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक), ती अर्ध्या मिलिमीटरलाही पुरत नाही. ८० जीएसएमचे, म्हणजे साधे झेरॉक्सचे, चार कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढी. माशीचा डोळा त्या चार कागदांत आला तर तिचे पाय येत नाहीत. मग वाटतं की अॅपर्चर आणखी बारीक करू, एफ/२२ वर जाऊ. केलं. सगळं सारखं झालं, पण सगळंच मऊ. कारण लेन्स इतकी पुढे गेली की रिंगवर लिहिलेला आकडा खरा राहत नाही. रिंगवरचा ११ प्रत्यक्षात ३० च्या आसपास काम करतो आणि इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, कडा बोथट होतात. तेव्हापासून मी ८ आणि ११ च्या मध्ये असते, त्यापुढे जात नाही.

फोकस रिंग फिरवून करायचा नसतो, ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. अंतर ठरलेलं असतं, वस्तू लेन्सपासून तीन इंचांवर, संपलं. आपण स्वतः कमरेतून पुढे-मागे व्हायचं, अगदी श्वासाएवढं, आणि डोळ्यावर धार आली त्या क्षणी बटण दाबायचं. दहातला एक लागतो. पहिल्या सहा महिन्यांत तीसातला एक लागायचा.

उजेडाचा प्रश्न प्रेसनंच सोडवला. लेन्स किड्याच्या इतकी जवळ असते की तिचीच सावली पडते, म्हणून फ्लॅश लागतो. पण उघडा फ्लॅश चकचकीत किड्यावर पडला की पांढरा डाग उमटतो. मी एक चित्रांग भुंगा काढला होता, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. त्याच्या पाठीवर सहा ठिपके खरे आणि सातवा पांढरा, माझ्या फ्लॅशचा. आमच्याकडे एकरंगी कामाची अक्षरं ट्रेसिंग पेपरवर काढून त्यावरून प्लेट घेतात. त्या ट्रेसिंगचे उरलेले तुकडे घरी आणले. बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून चांदीचा कागद चिकटवला, समोर ट्रेसिंगचे दोन थर ताणून लावले, आणि ते खोकं फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत येईल असं बांधलं. दोन थरांमध्ये बोटभर जागा सोडायची. थर एकमेकांना चिकटले तर उपयोग अर्धा होतो. तो पांढरा डाग पसरून हलकी साय झाली आणि तिच्याखालून पाठीचा लाल रंग दिसायला लागला. फ्लॅशची ताकद सोळाव्या हिश्श्यावर ठेवते. कमी ताकदीचा फ्लॅश फार थोडा वेळ चमकतो, त्यामुळे हाताचा कंपही पकडला जात नाही.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे, पण ते वगळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

गच्चीवर आईची बाग आहे. तुळशी, गोडलिंब, वांगी, टोमॅटो. पावसाळा लागला की तिथे एक माशी येते, मधमाशीपेक्षा थोडी जाड, पोटावर निळे पट्टे. उजेडाप्रमाणे ते पट्टे कधी हिरवट दिसतात, कधी मोरपिशी. अमेगिला हे तिच्या वंशाचं शास्त्रीय नाव. ती पोळं करत नाही, एकेकटी राहते. वांग्याच्या फुलाला ती मिठी मारून अंगातले स्नायू थरथरवते, मोठा गुंग असा आवाज येतो आणि फुलातला पराग झडतो. आपली साधी मधमाशी हे करू शकत नाही. मला तिचा फोटो हवा होता आणि ती एका फुलावर दोन सेकंदही थांबत नव्हती. महिनाभर मी तिच्या मागे लागले. हाती आले ते निळे पुसट डाग.

मॅक्रो करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, “डबीत धर आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. गार झाली की हलत नाही. बाहेर काढून आरामात फोटो काढ, नंतर ऊब मिळाली की उडून जाते.” किड्यांच्या अंगाची ऊब हवेच्या हिशोबानं चालते, गारठ्यात ते मंदावतात, हे खरं आहे. खूप जण असं करतात हेही खरं आहे. मी काचेची छोटी बाटली घेतली, तिला धरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. तेवढ्यात प्रेसमधून फोन आला. एका लग्नपत्रिकेत मुलीच्या आडनावाची वेलांटी चुकली होती आणि प्लेट लागायची होती. मी फाइल उघडली, दुरुस्त केली, पाठवली. बाटलीची आठवण आली तेव्हा ४० मिनिटं झाली होती.

ती हलत नव्हती. मी तिला पांढऱ्या कागदावर ठेवलं, आणि कबूल करते, आधी फोटो काढले. बाहेर जुलैची दमट हवा, त्यामुळे तिच्या अंगावर बघता बघता दव जमलं. पट्ट्यांवर, डोळ्यांवर, पंखांवर अगदी बारीक थेंब. सहाही पाय पोटाखाली आवळलेले. फोटो स्वच्छ आले, तोवरच्या माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा स्वच्छ. मग मी तिला तुळशीच्या कुंडीत ठेवलं आणि वाट पाहिली. संध्याकाळ झाली. आई दिवा लावायला वर आली. तिनं पाहिलं, काही विचारलं नाही, मी सांगितलं. ती म्हणाली, “झोपलेलीला उठवलं असतंस तरी चाललं असतं, ही तर जागी होती.”

ती उठली नाही. तो फोटो ज्यांनी पाहिला त्यांनी पहाटेचं दव किती सुंदर टिपलंय म्हणून कौतुक केलं. मी तो काढून टाकला. आता मला असे फोटो ओळखू येतात. अंगावर सगळीकडे सारखं, धुक्यासारखं दव आणि पाय आवळलेले असले की मी पुढे बघत नाही. पानावर बसलेल्या जिवंत किड्याचे पाय असे नसतात, ते काहीतरी धरून असतात.

आईचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, झोपलेलीला. ही झोपते कुठे, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. मी तिच्या मागे दिवसा धावत होते, ती जिथे जाईल तिथे. सप्टेंबरमध्ये मी कॅमेरा न घेता रोज साडेसहाला गच्चीवर बसायला लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी दिसलं. ऊन उतरलं तशी एक माशी तुळशीच्या सुकलेल्या मंजिरीभोवती घिरट्या घालू लागली. एक काडी पसंत नाही, दुसरी नाही. मग एका काडीच्या टोकाजवळ आली, जबड्यानं काडी धरली आणि पाय सोडून दिले. सगळं अंग हवेत आडवं, फक्त जबड्याच्या जोरावर. थोड्या वेळानं दुसरी आली आणि तिच्याच खाली, त्याच काडीला लागली. सातपर्यंत पाच झाल्या. हे सगळे नर असतात. माद्या मातीतल्या बिळात झोपतात, नरांना घर नसतं. म्हणून ते रात्रीपुरती काडी धरतात, आणि बरेचदा रोज तीच.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी वर गेले. आकाश नुकतं फिकट झालं होतं, समोरच्या गल्लीत दूधवाल्याची गाडी. पाचही जागच्या जागी. डावा हात काडीच्या बुडाशी, मातीजवळ धरला, म्हणजे वाऱ्यानं काडी हलायची थांबते, आणि त्याच मुठीवर लेन्स टेकवली. आता काडी हलली तर लेन्सही तिच्याबरोबर हलते, अंतर तेवढंच राहतं. सगळ्यात वरच्या नराच्या डोळ्यापासून सुरुवात केली आणि केसाएवढी मागे येत येत १४ फोटो घेतले, प्रत्येकात फक्त एक पातळ काप स्पष्ट.

हे काप संगणकावर एकावर एक जोडायचे असतात, त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. मी झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये करते. आमच्या कामात चार रंगांच्या चार प्लेटा एकावर एक बसल्या की चित्र होतं, इथे चौदा कापांचा एक प्राणी होतो. पाचव्या आणि सहाव्या फोटोच्या मध्ये त्यानं एक मिशी किंचित हलवली होती, त्यामुळे जोडल्यावर तिथे दोन मिशा दिसत होत्या. तेवढी जागा हातानं दुरुस्त केली.

पडद्यावर तो सगळा उघडला. दोन मोठे हिरवट डोळे आणि त्यांच्यामध्ये डोक्यावर तीन छोटे साधे डोळे, काचेच्या मण्यांसारखे. जबड्याची टोकं काडीत रुतलेली, आणि जिथे रुतली तिथे काडीची साल थोडी सोललेली, जुनी, वाळलेली. म्हणजे काल धरली होती त्याच खाचेत आजही धरली होती. निळे पट्टे म्हणजे आडवे, दाबून बसवल्यासारखे बारीक केस. एका पट्ट्यात परागाचे दोन कण अडकलेले. अंगावर दव नव्हतं.

सव्वासहाच्या सुमारास ऊन समोरच्या घराच्या टाकीवरून खाली आलं आणि काडीला लागलं. सगळ्यात वरच्यानं पोट आकसायला सुरुवात केली, अंग गरम करत असावा. मी मागे सरकले. एकेक करून पाचही गेले.

तेव्हापासून मी आधी कॅमेरा नेत नाही. बघून येते कोण कुठे थांबतं. चतुर पहाटे गवताच्या टोकाला, पंखांत ओल भरलेले, फुटाळा तलावाच्या काठी. उड्या मारणारा कोळी दुपारच्या उन्हात कुंडीच्या कडेवर, आणि त्याच्याजवळ हळू गेलं तर तो पळत नाही, उलट वळून बघतो. समोरचे दोन मोठे डोळे काळे असतात आणि बघता बघता फिकट होतात, कारण आतला पडदा हलतो. तो खरंच आपल्याकडे बघत असतो. मे महिन्यात मी काही काढत नाही. आठ वाजताच गच्ची तापते, किडे दडून बसतात, आणि त्यांनी दडून बसावं हेच बरं.

मागच्या दिवाळीत मामाकडे गेले होते. कळमेश्वर तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराचा माल झाडावर होता. दोन-चार झाडांची पानं काजळी फासल्यासारखी काळी, म्हणजे कोळशी. कोळशीची बारीक माशी पानाच्या खालून रस पिते, गोड चिकट पाणी टाकते आणि त्यावर काळी बुरशी चढते. मी पान उलटं करून बसले. मामा तिकडून फेरी मारून आले.

“काय करून राहिली गं पोरी? एका पानापाशी अर्धा तास झाला.”

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. पानाच्या मागे अंडी घातलेली असतात ती चक्राकार, जिलबीच्या वेटोळ्यासारखी. मामांनी ३५ वर्षं कोळशी पाहिलीय, पण अंड्यांचं ते वेटोळं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मिलिमीटरभराचं असतं ते, दिसणार कसं. पुढच्या फोटोत काळे चकचकीत कोष, कडेला पांढऱ्या मेणाची बारीक झालर. काहींच्या पाठीवर टी आकाराची चीर होती, तिथून माशी बाहेर पडलेली. आणि तीन कोषांवर चिरेऐवजी गोल भोक, कंपासनं पाडल्यासारखं.

“अन् हे भोक कायचं?”

मी सांगितलं की त्यातून कोळशीची माशी निघालेली नाही. एक अगदी लहान गांधीलमाशी आत अंडं घालते, तिची अळी कोळशीला आतून खाते आणि मोठी झाली की अशी गोल वाट करून निघते. म्हणजे या पानावर तुमच्या बाजूनं कुणीतरी आधीच कामाला लागलंय. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कॅमेरा माझ्या हातातून घेतला. गोल भोकांवर बोट ठेवत मोजलं. मग विचारलं, “मंग फवारा मारला तर हे बी मरतीन ना?” औषधावर अवलंबून आहे, म्हटलं, पण बरीच औषधं निवडून मारत नाहीत. त्यांनी ती फांदी कापून पिशवीत घातली आणि म्हणाले, अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत दाखवून येतो, फवारणी त्यानंतर बघू. जाताना फोटोही मागून घेतला, मोबाइलवर.

आई दरवर्षी तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडते, म्हणजे रोप दाट होतं. आता ती पूर्वेकडच्या कुंडीतल्या चार काड्या तशाच ठेवते. परवा संध्याकाळी तिनं खालून हाक मारली, म्हणून वर गेले. कॅमेरा खालीच होता. सात नर होते, पाच एका काडीला आणि दोन दुसरीला, आणि आठवा अजून जागा शोधत होता.